घराचे गौडबंगाल

सन १६९८ च्या नोव्हेंबर महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावे सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १,३०० रुपयांना घेतली. ज्या गावांचे पुढे महानगर व्हायचे होते ती इतक्या अल्प किमतीत मिळाली, ह्याचे नवल आजवर पुष्कळांनी केले आहे. परंतु त्या व्यवहाराची पाने थोडी मागे उलटली तर ते नवल ओसरते. खरेदीची परवानगी मिळावी म्हणून कंपनीने बंगालचा सुभेदार शाहजादा अझीम-उश्-शान ह्याला १६,००० रुपये मोजले होते. शिवाय जे विकत मिळाले ती जमीन नव्हेच. रयतेकडून सारा गोळा करण्याचा तो हक्क होता, आणि मोगल खजिन्यात दरसाल भरणा करण्याची जबाबदारी त्याला चिकटलेली होती. खतावर आकडा १,३०० चा. खर्च त्याच्या तेरापटींहून अधिक.

ह्या गोष्टीला सव्वातीनशे वर्षे लोटली, तरी कोलकात्यातील घरांच्या बाजाराची ती खोड अद्याप गेलेली नाही. जुने घर स्वस्तात घ्यावे, त्याची डागडुजी करावी आणि नफा घेऊन ते विकावे, असा व्यवसाय करणारे लोक प्रत्येक मोठ्या शहरात असतात. त्यांना घरे पुरविणारा एक वेगळा मध्यस्थ असतो. तो स्वतः घर घेत नाही. मालकाला थोडा विसार देऊन तो घर बांधून ठेवतो, आणि तो करारच वरकड घेऊन दुसऱ्याच्या हवाली करतो. अशा ठोक सौद्यांतला चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखणे हीच ह्या धंद्यातली खरी विद्या होय.

कल्पना करावी की, नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यात स्थायिक झालेला एक मराठी गृहस्थ निवृत्त झाला आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आहे आणि ती वाढवावी अशी इच्छा आहे. एक दलाल त्याला बागबाजारातले घर दाखवायला नेतो. १७४२ साली मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने इंग्रजांनी खणावयास घेतलेला आणि अर्धवट सोडलेला खंदक ह्याच बाजूला होता. त्याच्या नावाची एक गल्ली येथे आजही आहे. खंदक बुजला, स्वारी काही आली नाही. परंतु आपल्या नावाची पाटी पाहून मराठी मनुष्य क्षणभर थबकतो, आणि तेवढ्यात दलाल पुढे निघून गेलेला असतो.

घर मनात भरण्यासारखे असते. रस्त्याला लागून बसण्याचा ओटा, ज्याला तिकडे रक म्हणतात. आत चौक, चौकाच्या एका बाजूला दुर्गापूजेचे ठाकुरदालान, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, वीस इंची भिंती. जमीन तीन काठे. काठा म्हणजे ७२० चौरस फूट. तेव्हा तीन काठे म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ दोन गुंठे. दलाल सांगतो तो भाव शेजारच्या घरांच्या निम्मा असतो. "दादा, असा माल पुन्हा मिळायचा नाही," हे वाक्य तो न चुकता उच्चारतो.

येथे कच्चा गिऱ्हाईक भिंतींकडे पाहू लागतो, आणि पक्का गिऱ्हाईक एकच प्रश्न स्वतःशी विचारतो: हे स्वस्त का? कोलकात्यात घर पडके असते म्हणून क्वचितच अर्ध्या किमतीला येते. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क उभा असतो म्हणून ते स्वस्त असते. तो दुसरा कोण, हे सापडले की सौद्याची पारख निम्मी झाली.

पहिला दुसरा म्हणजे घरचाच माणूस. बंगालच्या जुन्या हिंदू घराण्यांत मिताक्षरा चालत नसे, जीमूतवाहनाचा दायभाग चालत असे. बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हिस्सा नाही. बाप गेला की प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला आणि बापाच्या मिळकतीत मुलीही मुलांच्या बरोबरीने वारस झाल्या. तीन पिढ्यांत एका घराचे तीस-चाळीस हिस्सेदार होतात. त्यांपैकी सहा जण दलालाच्या कागदावर सही करतात आणि घर विकले गेले अशी समजूत होते. वास्तविक त्या सहांचे हिस्सेच काय ते विकले जाऊ शकतात. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमान्वये, त्याला घरात इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटणीचा दावा लावील. परंतु मग १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे कुटुंबातला कोणीही, न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत, त्याचा हिस्सा परत मागू शकतो. म्हणजे पैसे गुंतवायचे, दावा लढायचा, आणि अखेरीस घर मात्र हाती यायचे नाही.

दुसरा दुसरा म्हणजे देव. ठाकुरदालान पाहून हरखून जाणाऱ्याने आधी विचारावे की, हे घर देवोत्तर तर नाही? आपल्याकडे देवस्थानाची इनामे असतात. बंगालमध्ये कुळातल्या देवाच्या नावे राहते घरसुद्धा अर्पण केलेले आढळते. अशा घराचा मालक देव. त्याची सेवा करणारा सेवाइत हा केवळ व्यवस्थापक. संस्थेची खरीखुरी निकड असल्याखेरीज त्याने केलेली विक्री देवावर बंधनकारक होत नाही. १९२५ साली कोलकात्याच्या मल्लिक घराण्याचा एक वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पूजेच्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेण्याचा हक्क सेवाइताला आहे काय, असा प्रश्न होता. देवाची बाजू मांडण्यासाठी एक निःस्वार्थ प्रतिनिधी नेमला पाहिजे, असे तेथील न्यायाधीशांनी सांगितले. जेथे देवाला स्वतंत्रपणे वकील मिळतो तेथे गिऱ्हाइकाने बेसावध राहून कसे चालेल?

तिसरा हक्कदार तळमजल्यावर राहतो. मुंबईकरांना पगडी ठाऊक आहे. कोलकात्यात तिला सेलामी म्हणतात. कधी काळी आजोबांनी सेलामी दिलेली, भाडे नावापुरते, मालक ते घेत नाही म्हणून भाडे-नियंत्रकाच्या कचेरीत भरलेले. १९९७ च्या भाडेकरू कायद्याने मृत भाडेकरूच्या मुलांच्या हक्काला पाच वर्षांची मर्यादा घातली. परंतु नवऱ्यामागे त्याच घरात राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या विधवेला ती मर्यादा नाही. "म्हातारी आज ना उद्या जाईल," असे दलाल हळू आवाजात म्हणतो. ज्या सौद्याचा हिशेब एखाद्याच्या मरणावर बसविलेला असतो त्याची प्रत ठरवायला वकील लागू नये.

ह्यांखेरीज ठिका जमिनीचा प्रकार आहे. जमीन एकाची, तिच्यावरचे बांधकाम दुसऱ्याचे, अशी ही जुनी पद्धत. १९८१ च्या कायद्याने अशा जमिनींवरचे जमीनदारांचे हक्क सरकारजमा केले; आज २००१ चा कायदा लागू आहे. बाहेरून घर पक्के दिसते आणि खाली जमीन सरकारची असते. महानगरपालिकेची करपावती दाखवून दलाल ह्या शंकेचे निरसन करू पाहतो. करपावतीने किंवा पालिकेच्या दप्तरात नाव चढल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगावे?

आता खुद्द दलालाच्या हाती काय आहे ते पाहावे. साठेखताने घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही. उरतो तो खरेदीखत करून मागण्याचा हक्क. दलाल विकतो तो हाच. सोबत कुलमुखत्यारपत्र असले तरी भागत नाही. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र ह्यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. निबंधकाच्या कचेरीत तीस वर्षांचा शोध घ्यावा हे खरे, तथापि त्यातूनही एक गोष्ट निसटते. कोलकाता, मद्रास आणि मुंबई ह्या शहरांत मूळ खत सावकाराजवळ नुसते ठेवूनही गहाण होते. खाजगी सावकाराकडे असे गहाण पडलेले असेल तर नोंदणीच्या पुस्तकात ते दिसेलच असे नाही. म्हणून मूळ खत कोठे आहे असे विचारावे, आणि नक्कल पुढे आली की छत्री उचलावी.

हे सारे झाल्यावर मग भिंतींकडे वळावे. जुन्या घरांची छते कडी-बरग्यांची, म्हणजे तुळया आणि त्यांवरच्या आडव्या दांड्यांची. तुळईचे टोक भिंतीत जाते तेथे वाळवी किंवा गंज आधी शिरतो, आणि नेमका तेथेच ताजा रंग दिलेला असतो. दारावर पालिकेची 'विपज्जनक बाडी' ही धोक्याची पाटी पूर्वी होती काय, हे कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारावे. घर पाहायला जावे ते मुसळधार पावसात. ठनठनियासारख्या भागात पाणी उंबऱ्याच्या कितपत वर येते हे मार्गशीर्षात कळत नाही. आणि पायाखाली गाळाची जमीन आहे हे विसरू नये. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजारात मेट्रोचा बोगदा खणताना जमिनीखालचे पाणी फुटले, घरांना तडे गेले, काही कोसळली, शेकडो लोकांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. त्यांच्या कागदांत काडीचाही दोष नसेल.

हिशेबाचेही असेच. अमेरिकेतल्या ह्या धंद्यात एक ठोकताळा आहे: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के घ्यावे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, उरेल त्याहून अधिक देऊ नये. घर पुढे एक कोटीला जाणार आणि दुरुस्तीस वीस लाख लागणार असतील, तर पन्नास लाख ही शेवटची मर्यादा. ठोकताळा बरा आहे. पण तो घर थोड्या महिन्यांत विकले जाते असे धरून चालतो. पन्नास लाख दरसाल बारा टक्क्यांनी उचलले तर वर्षाचे व्याज सहा लाख. भाडेकरूचा किंवा वाटणीचा दावा तीन वर्षे चालला की अठरा लाख गेले. राखून ठेवलेल्या तीस लाखांतून बारा उरले. त्यांत मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाल आणि नफा. मुद्रांकाची तर आणखी एक गंमत आहे. तो खतातल्या स्वस्त किमतीवर बसत नाही, सरकारी मूल्यांकन अधिक असेल तर त्यावर बसतो. सौदा जितका स्वस्त, तितका हा टोला जिव्हारी लागतो.

बागबाजारातला तो गृहस्थ एवढे सगळे जाणत नसेल. पण दलाल फोनवर बोलत असताना तो तळमजल्याच्या दाराशी जातो आणि म्हणतो, "मासीमा, थोडे पाणी मिळेल का?" म्हातारी पाणी देते, वर बत्तासा देते. घर घ्यायला आलात का, असे विचारते. मग आपण होऊनच सांगते की, मधल्या भावाची मुलगी टाटानगरला दिली आहे, दर वर्षी अष्टमीला ती ठाकुरदालानात अंजली द्यायला येते, आणि घर विकायचे असे तिला अद्याप कोणी कळविलेलेच नाही, बाबा.

गृहस्थ पेला खाली ठेवतो, बाहेर येतो आणि दलालाला टाटानगरचा पत्ता विचारतो. दलाल घड्याळ पाहतो.