पावतीवरचं बियाणं



 शिरूर आणि दौंडच्या शेतकऱ्यांपुढं जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम पिकांवर बोला, असं आयोजकांनी सांगितलं. या वादावर मी अनेक वर्षं वर्गात शिकवत आले. एक बाजू म्हणते हे विष आहे, दुसरी म्हणते याशिवाय शेतीला तरणोपाय नाही. ज्याच्या रानात ते बी पडणार आहे, त्याला मात्र दोघंही गृहीत धरतात. म्हणून मी आज त्याच्या बाजूनं बोलणार आहे.

बाहेरचं बी नको, हा आक्षेप मला मुळातच पटत नाही. आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्या वस्तीतली माणसं जव पिकवत होती, गहू, मसूर, वाटाणा पिकवत होती, पुराचं पाणी चारीनं वळवत होती. जव आणि गहू पश्चिम आशियातून मजल दरमजल करत आले. आपली मिरची, मका, बटाटा, भुईमूग तर समुद्र ओलांडून आले. बी कुठून आलं हे विचारून आपले पूर्वज थांबले नाहीत. विचारायचं ते हे की त्याची पारख कुठं झाली, ते विकतंय कोण, आणि फसलं तर भरपाई कोण देणार.

जीएमचा आपल्याशी संबंध नाही, कारण आपण ऊस-कांदेवाले, असंही इथं ऐकू येतं. जरा गोठ्यात डोकावू या. दुभत्या गाईपुढं सरकी पेंड असते. बीटी कापसाला केंद्राच्या समितीनं २६ मार्च २००२ रोजी परवानगी दिली आणि आज देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. त्याच कापसाची ही सरकी. तिचं तेल आपल्या खाण्यात येतं, पेंड जनावराच्या. पुढं २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्रीचं खाद्य महागलं, तेव्हा केंद्रानं जीएम सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. म्हणजे ब्राझील-अर्जेंटिनाच्या शेतकऱ्यानं जीएम सोयाबीन पिकवायचं आणि आपल्या कोंबड्यांनी ते खायचं, पण आपल्या शेतकऱ्यानं तेच पेरलं तर गुन्हा. यामागं काही विचार असेल, तर तो सरकारनं बांधावर येऊन सांगायला हवा होता. तसं कुणी आलं नाही.

बीटी कापसानं काय दिलं आणि काय नाही, हे विदर्भ-मराठवाड्याकडून शिकण्यासारखं आहे. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, त्यामुळं झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होऊ लागलं. पहिली काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे मान्य केलंच पाहिजे. मग गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली. २०१७ साली तिनं राज्यातल्या कापसाची दैना केली. मी तेव्हा कापसाच्या रानात उभी होते. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात, ते सोडवलं की आत बोटाच्या पेरापेक्षा लहान अळी. बाहेरून निरोगी दिसणारं बोंड फोडलं की सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. शेताच्या कडेनं साध्या कापसाच्या पाच ओळी लावा, म्हणजे अळी लवकर सरावणार नाही, असा नियम होता. त्यासाठी पाकिटासोबत वेगळी पुडी मिळायची. ती का लावायची हे फार थोड्यांना समजावलं गेलं. शिवाय पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पाणी देऊन राखलं, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळालं.

याहून मोठी चूक धोरणाची होती. इतर देशांत बीटी कापूस सरळ वाणात आला, आपल्याकडं तो जवळजवळ सगळा संकरित वाणातच आला. संकरित म्हटलं की दर हंगामाला दुकानाची पायरी चढणं आलं. आपल्या भागात मालदांडी ज्वारीचं चांगलं कणीस निवडून बी घरात ठेवणारी माणसं अजून आहेत. त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

आता वांग्याकडं येते, कारण ते आपलं पीक आहे. शेंडा वाळून मान टाकतो, फळाला टाचणीएवढं भोक दिसतं आणि चिरल्यावर आत काळी विष्ठा. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीपायी एका तोड्यापासून दुसऱ्या तोड्यापर्यंत फवारणी चालूच असते. आज फवारलेलं वांगं परवा बाजारात जातं, हे आपण सगळे जाणतो. जालन्याच्या महिकोनं तयार केलेल्या बीटी वांग्याला केंद्राच्या समितीनं ऑक्टोबर २००९ मध्ये होकार दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रात ती नागपूरला झाली, पुण्याच्या वाट्याला आली नाही. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी लागवड रोखून धरली. अधिक चाचण्या होईपर्यंत थांबू, हे म्हणणं मला तेव्हाही रास्त वाटलं होतं. पण चाचण्यांसाठी घेतलेला वेळ नुसताच वाया गेला. बांगलादेशानं हेच वांगं २०१४ पासून शेतकऱ्यांच्या हाती दिलं. आपण ना हो म्हणालो, ना शास्त्रीय कारण देऊन नाही म्हणालो.

अशा वेळी चोरवाट तयार होते. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला परवानगी नाही, तरी तो वर्षानुवर्षं विकला जातोय. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं तो उघडपणे पेरला आणि शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. शरद जोशींनी आंबेठाणहून मांडलेल्या तंत्रज्ञान स्वातंत्र्याच्या विचारातून ते आंदोलन आलं होतं. त्यामागचा संताप मला कळतो. त्या शेतकऱ्यांना गुन्हेगार म्हणणं मला मान्य नाही.

तरीही माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांना मी ते बी घ्या असं सांगणार नाही. त्याला पावती नसते. बियाणं उगवलं नाही, तर तालुक्याची तक्रार निवारण समिती पंचनाम्याला येते आणि पहिल्यांदा पावती, पिशवी आणि लेबल मागते. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला दोन मोठे हक्क देतं: घरचं बी राखायचा आणि बिनछापाचं विकायचा हक्क, आणि नोंदणी झालेल्या वाणानं सांगितलेलं उत्पन्न दिलं नाही तर भरपाई मागायचा हक्क. बिनपावतीच्या पाकिटाला यातला दुसरा हक्क लागूच होत नाही. त्यात नक्की कोणतं जनुक आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बंदीनं बियाणं थांबलं नाही, जबाबदारी तेवढी नाहीशी झाली.

आणि हा प्रश्न आता कांद्याच्या वाफ्यापर्यंत येईल. मे २०२५ मध्ये जनुक संपादन केलेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. त्यांत परकं जनुक नाही, म्हणून जीएमचे बरेच नियम त्यांना लागू नाहीत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेनं साध्या निवड पद्धतीनं काढलेले भीमा शक्ती, भीमा सुपर हे वाण तुम्ही लावता. आपल्या नदीचं नाव लावलेलं ते सार्वजनिक पैशातलं बी आहे. नवं तंत्र येणार असेल, तर ते अशाच संस्थांतून यावं, सरळ वाणात यावं, असं माझं ठाम मत आहे.

दुपारच्या सत्रात ठराव मांडायचा आहे, म्हणून सूचना आत्ताच देते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं वादातल्या पिकांच्या चाचण्या रीतसर परवानगी आणि विलगीकरण पाळून आपल्या भागात घ्याव्यात. दौंडच्या भारी काळ्या रानात घ्याव्यात आणि शिरूरच्या मुरमाड माळावरही. निष्कर्ष, फसलेल्या प्लॉटसकट, मराठीत छापून ग्रामसभेत वाचावेत. शेजाऱ्याच्या पिकाचं नुकसान झालं तर भरपाई बियाणं देणाऱ्याकडून, हे परवानगीतच लिहिलेलं असावं.

ठरावाच्या मसुद्यात आणखी एक ओळ घाला. तणनाशक सहन करणारं पीक आलं की पहिली मजुरी बुडेल ती खुरपणीवाल्या बायकांची. कांदा, भुईमूग, ऊस, सगळीकडं तण काढतात त्याच. प्लॉट पाहायला बोलवाल, तेव्हा त्यांना त्या दिवसाची मजुरी देऊन बोलवा, आणि त्यांचं म्हणणं अहवालात नोंदवा.