आमचा पहिला वक्रतुंड
(गणेशोत्सवात समाजाच्या महिला शाखेतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय ‘घरगुती हस्तकला, बेकिंग आणि खिडकीतील बाग’ असा भारदस्त छापला आहे. त्यामुळे कोणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून आधीच सांगतो: आम्ही सहा जणी यातल्या कशातच तरबेज नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे सगळं पहिल्यांदा करून पाहिलं, बरंचसं बिघडवलं, आणि त्या बिघडवण्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवायला उभ्या आहोत.

सुरुवात गणपतीपासूनच करतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून, त्यातलं बरंचसं पाणी उडवून केलेली पूड. तिला पाणी मिळालं की ती पुन्हा दगडासारखी घट्ट बसते. म्हणूनच ती मूर्ती नदीत लवकर विरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित सूचना काढून अशा मूर्ती नकोत, मातीच्या हव्यात असं सांगितलं. आपली क्षिप्रा आपण रोज पाहतो, त्यावर वेगळं बोलायला नको. आम्ही ठरवलं, घरचा गणपती घरीच करायचा. माती तर माळव्यात पायाखाली आहे!

आणि इथेच पहिली चूक झाली. एकीच्या शेतावरून काळी माती आणली, भिजवली, वीतभर उंचीची मूर्ती केली आणि लवकर वाळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाप्पाच्या पोटावर वैशाखातल्या शेतासारख्या भेगा. कापसाची ही काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, हे आपण सगळे शाळेत शिकलो होतो. पण भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य आणि स्वयंपाकघरातला गणपती यांचा संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग कुंभाराकडे गेलो. त्यांनी आधी हसून घेतलं आणि मग सगळं नीट सांगितलं. माती चाळा, दोन दिवस भिजत ठेवा, थोडी बारीक वाळू आणि पिंजलेला कापूस घाला, म्हणजे ती कमी आक्रसेल. वाळवायची ती सावलीत, वरून ओलसर फडकं टाकून, सावकाश. हात, कान, सोंड चिकटवताना दोन्हीकडचा भाग काडीने खरवडा आणि मध्ये पातळ कालवलेली माती लावा. शेवटी आम्ही पुण्याहून शाडूही मागवला, कारण नवशिक्याला तोच बरा पडतो. तरी चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्या मूर्तीची सोंड सांध्यापाशी तडकली आणि डावीकडे कलली.

घरात वाद झाला. खंडित मूर्ती पुजायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. घरातले मोठे म्हणाले, “हौस झाली, आता बाजारातून आणा.” आमच्यातली एक तर रडवेलीच झाली. तेवढ्यात पूजेची वेळ विचारायला गुरुजींचा फोन आला, तेव्हा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “प्राणप्रतिष्ठा झाली का? नाही ना? मग अजून ती मातीच आहे. बोटाला पाणी लावा आणि सांधा. आपण पूजा पार्थिव गणपतीची करतो, पार्थिव म्हणजे मातीचा.” आम्ही सोंड सांधली. ती सरळ काही झाली नाही. सकाळी आरतीला आलेले शेजारचे काका मूर्तीकडे बघून म्हणाले, “वक्रतुंड म्हणतात तो हाच!” घरभर हशा झाला आणि वाद तिथेच मिटला.

नंतर महाकाल मंदिराजवळच्या बडा गणेशाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा त्या प्रचंड मूर्तीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ती विटा, चुना, वाळू यांत गूळ आणि मेथ्या मिसळून घडवली, असं सांगितलं जातं. आजवर आम्ही तिथे फक्त हात जोडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, एवढी मोठी सोंड यांनी सांधली कशी असेल?

आता आमच्या दृष्टीने मुख्य गोष्ट. मूर्ती करताना आमच्यातल्या एकीचा नऊ वर्षांचा नातू शेजारी बसला होता. त्याने विचारलं, “आजी, मिट्टी गूंथू का?” आजी म्हणाली, “गूंथू काय रे, तिंब म्हण.” तो म्हणाला, “तिंबणे म्हणजे?” आजीने समजावून सांगितलं नाही. त्याचे दोन्ही तळवे मातीवर ठेवले, वर आपले ठेवले आणि जोर दिला. “हे तिंबणं.” मग थापणं आलं, लिंपणं आलं, कालवणं आलं, वळणं आलं. तासाभरात पोराच्या तोंडी आठ-दहा क्रियापदं बसली, आणि ती अजून विसरलेली नाहीत.

त्या रात्री आम्ही जणी बसून हिशेब केला. उज्जैनात आपण काही काल-परवा आलेलो नाही. शिंद्यांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसं इथे आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी कितीतरी घरं इथेच राहिली. एवढ्या पिढ्यांत आपण मराठी टिकवली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण टिकलं काय? आरत्या टिकल्या. मोदक, पुरणपोळी, चकली ही नावं टिकली. आत्या, मावशी, वहिनी टिकल्या. क्रियापदं मात्र हिंदीत गेली. आपली मुलं ‘पुरणपोळी’ म्हणतात, पण पुरण ‘घोटायचं’ असतं, कणीक ‘तिंबायची’ असते, मेथी ‘खुडायची’ आणि ‘निवडायची’ असते, हे त्यांना ठाऊक नाही. हिंदी बोलण्यात लाज वाटावं असं काही नाही, माळव्याने आपल्याला पोटाशी धरलं आहे. पण क्रियापद का गेलं, तर ते काम घरातून गेलं. सगळं तयार आणलं, की फक्त नाव उरतं.

तेव्हापासून आम्ही मुद्दाम अशी कामं शोधू लागलो, ज्यांत हात भरतात.

दुसरं काम नानकटाईचं. ओव्हन आमच्यापैकी एकीकडेच होता आणि त्याने नेमक्या त्याच दिवशी मान टाकली. मग जाड बुडाच्या कढईत मीठ पसरलं, वर तिवई ठेवली, झाकण घालून दहा मिनिटं तापवली आणि ताटली आत सोडली. पहिल्या खेपेला सगळ्या नानकटाया वितळून एकमेकींत मिसळल्या आणि ताटलीभर एकच भाकरी निघाली. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो, तेव्हा कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, “तूप पातळ करून घातलंत ना? तूप फेसायला हवं.”

सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. सासरे गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात फारशा येत नव्हत्या. आपलं आता काय काम, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या उठल्या, परात ओढली, थिजलेलं तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने गोल गोल फेसायला लागल्या. दहा मिनिटांत तूप पांढरंशुभ्र आणि हलकं झालं. पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैद्यात दोन चमचे बेसन आणि तेवढाच रवा, वेलदोडा. गोळा घट्ट हवा आणि भाजण्याआधी थोडा वेळ गार ठेवायला हवा. फेसल्यामुळे तुपात हवा भरते आणि खुसखुशीतपणा तिथून येतो. पातळ तुपात ती हवा धरलीच जात नाही. मंद आंचेवर वीस मिनिटांत खाली बदामी रंग आला. आता दर शनिवारी सासूबाई आम्हाला विचारतात, “आज काय बिघडवायचंय?”

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि कितीतरी नव्या सुनांना त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी तारलं. आमच्याही घरात त्याची पिवळी पडलेली प्रत आहे. पण तूप ‘पुरेसं’ फेसलं म्हणजे किती, हे परातीशी बसूनच कळतं.

बेकिंग म्हणजे परदेशी प्रकार, असं म्हणणाऱ्यांना आम्ही आपल्या बाफल्याची आठवण देतो. बाटी नुसती भाजतात, पण बाफला आधी उकळत्या पाण्यात उकडून मग भाजतात. उकडताना बाहेरचं पीठ शिजून पापुद्रा धरतो, त्यामुळे भाजल्यावर बाहेरून खरपूस आणि आतून मऊ राहतो. अमेरिकेत प्रसिद्ध असलेला बेगल नावाचा पावही असाच आधी उकळून मग भाजतात. तो पोलंडकडच्या ज्यूंचा. कुठलं पोलंड आणि कुठला माळवा, पण युक्ती एकच!

तिसरं काम बाटिकचं. भैरवगडची छपाई आपल्या गावाची शान आहे, आणि आपण ती पाहुण्यांना भेट म्हणून विकत घेतो, यापलीकडे आपला संबंध नाही. आम्ही तिथल्या एका कारागिरांकडे बसून पाहिलं आणि घरी रुमालांवर करून पाहिलं. मेण फार गार असलं तर कापडाच्या वरच बसतं आणि मागून रंग शिरतो. फार गरम असलं तर पसरतं आणि फुलाचं भोपळ्यात रूपांतर होतं. रंगाचं पाणी गार हवं, नाहीतर मेणच सुटतं. आमचे बारा रुमाल वाया गेले. त्यानंतर भैरवगडच्या चादरीची किंमत ऐकून घासाघीस करायला आमच्यापैकी एकीचीही जीभ वळली नाही.

शेवटची खिडकी. आमच्यातल्या चौघी फ्लॅटमध्ये राहतात, अंगण नाही. पहिला कढीपत्ता आम्ही प्रेमाने रोज पाणी घालून मारला. आता बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसतो, ओलं लागलं तर पाणी नाही. मेथी मात्र नवशिक्यांवर दया करते. बुडाला भोकं पाडलेल्या पसरट डब्यात दाणे पेरा, चार-पाच दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत खुडता येते.

आणि खिडकी कुठली, हे आम्हाला आपल्या वेधशाळेने शिकवलं. सवाई जयसिंहांनी बांधलेल्या त्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी त्याची सावली नाहीशी होते, कारण उज्जैन कर्कवृत्ताला लागून आहे आणि सूर्य डोक्यावर येतो. तो डोक्यावर असला म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. डिसेंबरात मात्र तेच ऊन तिरपं होऊन पार खोलीत शिरतं. म्हणून कोथिंबीर, मेथी हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत छान येतात. उन्हाळ्यात कुंड्या पूर्वेला हलवायच्या. पश्चिमेची खिडकी मे महिन्यात रोपं भाजून काढते.

गेल्या वर्षी विसर्जन आम्ही घरीच बादलीत केलं. शाडू विरघळला, पाणी निवळलं, खालची माती काढून घेतली. नुसती घातली तर ती घट्ट बसते, म्हणून एक भाग ती आणि तीन भाग खत व साधी माती असं कालवलं आणि पूर्वेच्या खिडकीत त्यात दूर्वा लावल्या. यंदा चतुर्थीला त्यातून तीन जुड्या निघाल्या. बाकीच्या बाजारातून आणल्या, खोटं कशाला सांगायचं!

तो नऊ वर्षांचा नातू आता इथे नाही. वडिलांची बदली झाली आणि जूनमध्ये ते हैदराबादला गेले. आजीला धाकधूक होती की आता फोनवर “जेवलास का?” “हो” एवढंच उरेल. चतुर्थीच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. “आजी, मी माती तिंबलीय, पण कान पडतोय.” आजी म्हणाली, “खरवडलंस का आधी?” “नाही.” “मग खरवड, आणि पातळ माती कालवून लाव.” पाऊण तास फोन चालला, सगळा मराठीत.

म्हणून समाजाला आमची एकच विनंती आहे. पुढच्या वर्षी श्रावणातला एक रविवार या सभागृहात मातीसाठी द्यावा. टेबलं आम्ही लावू, शाडू आम्ही मागवू, नंतर फरशीही आम्हीच पुसू. मुलांबरोबर आजी-आजोबांनी यायचं, आणि लांब खुर्चीत बसून न बघता हात भरायचे. सोंड वाकडी झाली तर होऊ दे. तो वक्रतुंडच आहे.

गणपती बाप्पा मोरया!