टेलिव्हिजनला खेळायला लावणारा माणूस



मोठा माणूस गेला म्हणजे आपण सभा भरवतो, तसबिरीला हार घालतो. आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्यांची आठवण मात्र निराळ्या रीतीने राखली जाते. अमेरिकेतील इंजिनिअर राल्फ बेअर ६ डिसेंबर २०१४ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी वारले. घरच्या टेलिव्हिजनवर खेळता येईल असे यंत्र त्यांनी बनवले. हौशी मंडळी त्यांना मान देतात, तो त्यांची जुनी यंत्रे दुरुस्त करून, आणि त्यांच्या आराखड्यांवरून पुन्हा तशीच बांधून.

बेअर जन्मले १९२२ साली, जर्मनीत, एका ज्यू कुटुंबात. हिटलरच्या राजवटीत ज्यू मुलांना शाळा बंद झाल्या, तसे यांचेही नाव शाळेतून काढले गेले. १९३८ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. पोरगा कारखान्यात कामाला लागला. एक दिवस रेडिओ दुरुस्तीच्या शिक्षणाची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. हे शिक्षण टपालाने मिळे. ते त्याने घेतले आणि १९४० साली तो रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर झाला. पुढे सैन्यात नोकरी झाली, आणि १९४९ साली त्याने टेलिव्हिजन इंजिनिअरिंगची पदवी मिळवली.

टेलिव्हिजनमध्ये खेळ घालावा ही कल्पना बेअर यांनी १९५१ सालीच मांडली होती, पण वरिष्ठांनी ती मनावर घेतली नाही. पंधरा वर्षे ती तशीच राहिली. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी चार पानांचे टिपण लिहून काढले. ते तेव्हा सँडर्स या कंपनीत, लष्करी सामान तयार करण्याच्या कामावर होते. बिल हॅरिसन आणि बिल रश हे दोघे जोडीदार मिळाले. चेंडूची युक्ती रश यांची. दोन खेळाडूंचे दोन ठिपके होतेच; तिसरा ठिपका यंत्राने स्वतः हलवावा, असे त्यांनी सुचवले, आणि पडद्यावर टेबल टेनिस सुरू झाला!

आता हा ठिपका हलतो कसा? जुन्या काचेच्या नळीच्या टेलिव्हिजनमध्ये एक किरण पडद्यावर ओळीमागून ओळ ओढत जातो, जसे शेतात तासामागून तास पडते. कितव्या तासात, आणि त्या तासात किती पावलांवर बी टाकायचे, एवढे ठरले की बियाची जागा ठरली. बेअर यांच्या यंत्रात खेळाडूचा ठिपका हलवायला दोन गुंड्या होत्या. एकीने तास ठरायचे, दुसरीने पावले. गुंडी फिरवली की ठिपका सरकायचा. आत संगणक नव्हता, होते फक्त ट्रान्झिस्टर, डायोड आणि तशीच साधी सामग्री.

१९६८ साली खोका पुरा झाला. वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला होता, म्हणून त्याला ‘ब्राउन बॉक्स’ म्हणत. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने त्यावरूनच १९७२ साली ‘ओडिसी’ बाजारात आणला. त्याला आवाज नव्हता, गुणही तो मोजत नसे. मैदानाचे चित्र हवे तर पडद्यावर रंगीत पारदर्शक पत्रा लावायचा, आणि गुण खेळाडूंनीच मांडायचे. गंमत वाटते खरी, पण यंत्राला जे जमत नव्हते ते माणसांनी आपसात भागवले.

आज घरोघरचे पडदे चपटे झाले. तेव्हा ओडिसीसाठी हौशी लोक जुने टेलिव्हिजन सांभाळतात. झिजलेली गुंडी बदलतात, निखळलेली तार सोल्डर करतात, आणि ठिपका पुन्हा उजळला की बेअर यांचा विचार कसा चालला होता, ते हाताने समजून घेतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात बेअर यांची घरातली कार्यशाळाही जतन केली आहे. ती पाहावी, पण पाहणे वेगळे आणि करून बघणे वेगळे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एका सरकारने या मुलाला शाळेबाहेर काढले, आणि टपालाने आलेल्या धड्यांनी त्याला पुन्हा विद्येच्या दारात उभे केले. आपल्या वर्गातही एखादा मुलगा किंवा मुलगी बंद पडलेला रेडिओ उघडून बसत असेल. विजेची जोडणी आधी काढली आहे ना, तेवढे जरूर पाहा. मग मात्र ‘मोडशील’ म्हणून हात धरू नका. शेजारी बसा, आणि आत काय दिसते ते त्यालाच सांगू द्या.