पाच फूट आठ इंच

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान आणि ध्यानचंद येतात. बर्फावरची हॉकी आपल्याकडे लडाख-स्पितीच्या पलीकडे फारशी कोणी पाहिलेली नाही. कॅनडात मात्र ती घरोघरी आहे. दोनशे फूट लांबीचं बर्फाचं रिंगण, पायांत पात्यांचे बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा जण. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि बाकावर येऊन बसतो. त्याच्या जागी दुसरा जातो. अंगाला अंग भिडवून समोरच्याला फळीवर आपटणं नियमात बसतं. म्हणून या खेळाला आडदांड माणसं लागतात, असं सगळे धरून चालतात.

मार्टिन सँ-लुई पाच फूट आठ इंच उंचीचा. आडनाव फ्रेंच, शेवटचा ‘स’ उच्चारायचा नाही. जन्म १९७५चा, मॉन्ट्रियलला खेटून असलेल्या लव्हाल गावचा. तो फॉरवर्ड, म्हणजे आघाडीला खेळून गोल करणारा किंवा करवून देणारा. व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षं त्याने ढीगभर गोल केले. उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय हॉकी लीगचे संघ दरवर्षी शेकडो तरुण निवडतात. त्या यादीत त्याचं नाव कधीच आलं नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारासारखंच हे. मुलात खोट नाही, पण उंची कमी.

१९९८ साली कॅलगरीच्या संघाने त्याला घेतलं. दोन मोसमांत मिळून एकोणसत्तर सामने आणि चार गोल. २००० साली लीगमध्ये दोन नवे संघ आले. जुन्या संघांनी राखून न ठेवलेल्यांतून त्यांनी आपले खेळाडू उचलायचे होते. कॅलगरीने याला राखलं नाही आणि नव्यांपैकीही कोणी उचललं नाही. पुढे कॅलगरीने करारच मोडला. पंचविसाव्या वर्षी माणूस रस्त्यावर.

त्याला आसरा दिला टँपा बेने, तेव्हा तळाशी असलेल्या संघाने. चार वर्षांनी, २००४ मध्ये, सँ-लुई चौऱ्याण्णव गुणांनिशी लीगमध्ये पहिला आला (गोल किंवा गोलाला हातभार म्हणजे एक गुण), सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ स्टॅनली करंडकाच्या अंतिम मालिकेत पोचला. समोर कोण? कॅलगरी! मालिकेत कॅलगरी ३-२ने पुढे, सहावा सामना त्यांच्याच घरी, दुसरा जादा वेळ सुरू होऊन अर्धं मिनिट झालेलं. कॅलगरीचा एक गोल आणि करंडक गेला असता. तेवढ्यात गोल केला तो सँ-लुईने. सातवा सामनाही टँपाने जिंकला. असं कथानक एखाद्या कथाकाराने रचलं असतं, तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, इतकं जुळवू नकोस.

२०१३ मध्ये सदतिसाव्या वर्षी तो पुन्हा गुणांत पहिला आला. इतक्या वयात तो मान कोणाला मिळाला नव्हता. २०१४च्या मार्चमध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. मे महिन्यात पिट्सबर्गविरुद्धची मालिका हातची जात असताना त्याची आई अचानक वारली. दुसऱ्या दिवशी तो खेळायला उतरला. त्यानंतरचा सामना मातृदिनाला, घरच्या मैदानावर आला. पहिला गोल त्याचा. ३-१ने मागे पडलेला संघ ती मालिका जिंकला. त्या गोलाबद्दल यापेक्षा जास्त बोलू नये, असं मला वाटतं.

२०१५ मध्ये निवृत्त होऊन तो कनेटिकटमध्ये आपल्या मुलांच्या संघांना शिकवू लागला. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. चोवीस वेळा करंडक जिंकलेला हा संघ तेव्हा पंचेचाळीस सामन्यांत आठच जिंकून तळाला गेला होता. व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून सँ-लुईला एका दिवसाचाही अनुभव नव्हता. टीकाकारांनी नाकं मुरडली. मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असं नाही, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. या खेळाचा अनभिषिक्त सम्राट वेन ग्रेट्स्की २००५ ते २००९ अशी चार वर्षं फिनिक्सचा प्रशिक्षक होता. संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही. ग्रेट्स्कीला चकती पुढे कुठे जाणार हे दिसायचं. पण दिसणं दुसऱ्याला देता येत नाही.

उर्दू शायरीत शेर उस्तादाला दाखवून दुरुस्त करून घेतात, त्याला इस्लाह म्हणतात. मुशायरे गाजवणारे सगळेच चांगली इस्लाह देत नाहीत. ज्याला ओळ लिहिताना घाम फुटला, त्याला शागिर्दाचा शब्द कुठे अडला ते बरोबर कळतं. सँ-लुईला आडदांडांच्या मधून वाट काढताना प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागलं होतं. म्हणून ते सांगता येत होतं. पाठ केलेल्या चालींपेक्षा समोरची मोकळी जागा वाचायला शिकवण्यावर त्याचा भर.

संघात कोल कॉफिल्ड नावाचा पोरगा होता. उंची प्रशिक्षकापेक्षाही इंचभर कमी. नवा प्रशिक्षक येण्यापूर्वी त्याने तीस सामन्यांत एक गोल केला होता. नंतरच्या सदतीस सामन्यांत केले बावीस! काठी तीच, बर्फ तोच. संघ त्या वर्षी शेवटचाच राहिला, तरी जूनमध्ये सँ-लुईची नेमणूक कायम झाली.

पुढचे दोन मोसमही तळाकडेच गेले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये साखळीतल्या शेवटच्या सामन्यात कॅरोलायनाला हरवून संघ बाद फेरीत शिरला. तिथे पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनने त्यांना ४-१ असं गारद केलं. कॉफिल्डच्या नावावर त्या साखळीत सदतीस गोल होते.