प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम कोणासाठी?



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहास, साहित्य, संगीत असे रसाळ विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आजचा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. ‘अभ्यासक्रम’ म्हटले की सरकारी परिपत्रके आणि समित्यांचे अहवाल डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि सामान्य नागरिक ते काम तज्ज्ञांवर सोपवून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, पहिली ते पाचवीच्या मुलाने काय शिकावे हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे. आपल्या समाजात कोणाचे जगणे मोलाचे मानायचे, हाच प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

हा प्रश्न नगरला नवा नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; जुन्या जिभेच्या सवयीने आम्ही नगर म्हटले तर क्षमा असावी. १८४८ साली जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत येथे आले आणि अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी स्वतःची मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरलाच घेतले असे सांगतात. शाळेचे दार कोणासाठी उघडे, हा त्या वेळचा पहिला प्रश्न होता.

दुसरा प्रश्न जोतीरावांनीच चौतीस वर्षांनी विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, दारातून आत आलेल्या मुलाला शिकवायचे काय, याचा त्यांनी आराखडा मांडला. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती यांवरचे काही पाठ, असा तो होता. खेड्यातील शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असता कामा नयेत, असे त्यांचे मत होते. आणि शिक्षक कसा हवा? तर प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा! रुमणा आणि वाकस यांची त्यांनी आठवण ठेवली, कारण मुलाचा बाप ज्या कामाने पोट भरतो त्याची लाज बाळगणारी शाळा त्या मुलाची कधीच होऊ शकत नाही, हे त्यांना उमगले होते.

आज आपण ‘व्यापक अभ्यासक्रम’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा विषयांची संख्या वाढविणे एवढाच अर्थ मनात असतो. पर्यावरणाचा प्रश्न निघाला, घाला एक पुस्तक. रस्त्यावर अपघात वाढले, घाला एक धडा. नवे यंत्र आले, घाला एक तास. अशाने दप्तर जड होते, अभ्यासक्रम विस्तृत होत नाही. विस्ताराची खरी कसोटी दोन प्रश्नांत आहे. मुलाच्या सर्व शक्तींना, म्हणजे त्याची वाणी, गणनबुद्धी, हात, डोळे, गळा आणि इतरांसवे राहण्याची कला यांना, शाळेत काम मिळते काय? आणि वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाचे जगणे अभ्यासाचा विषय होण्याच्या योग्यतेचे मानले जाते काय?

हे कसे साधावे? एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत ढगांची वाट पाहतात. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा आणि चौथीच्या मुलांनी रोज त्याची नोंद ठेवावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. मग शाळेच्या पन्नास चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पावसात किती पाणी आले? हजार लिटर. ते गेले कोठे? किती हंडे भरले असते? ते हंडे एरवी कोणाच्या डोक्यावरून येतात, आईच्या की बापाच्या? पाहता पाहता गणित झाले, भूगोल झाला, भाषा झाली आणि नागरिकशास्त्रही झाले. आणि त्यासाठी नवे पुस्तक लागले नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस पाहून पीक ठरविण्याची रीत पाडली, हे आपण जाणताच. जो हिशेब प्रौढांनी ग्रामसभेत करायचा, त्याचा ओनामा मुलांनी वर्गात का गिरवू नये?

दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. गावठी वाणांचे बी जतन करण्याच्या कार्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना शाळेत जाता आले नव्हते. शाळेची गरज नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अर्थ असा की, शाळेच्या भिंतीबाहेर असे ज्ञान साठलेले आहे आणि आपल्या अभ्यासक्रमाने त्याच्याकडे फार काळ पाठ फिरविली. डोंगरातल्या महादेव कोळी किंवा ठाकर मुलास रानभाज्यांची, पाखरांची, झाडपाल्याची नावे तोंडपाठ असतात; पण वर्गात त्याला ‘काही येत नाही’ म्हणून मागे बसवितात. त्याच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहिले आणि शेजारी प्रमाण मराठीतले मांडले, तर तो मुका राहणार नाही. ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आता जिल्ह्याच्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे वळू. लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले, आणि सहकाराने या जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. त्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. पण त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुले कोपीवर राहतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या सुमारास संपते. या मुलांचे वर्ष मात्र ऊस ठरवितो. परतल्यावर वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला, आणि हे मूल हातच्याच्या वजाबाकीपाशी थांबलेले.

साखरशाळा झाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी कार्डे देण्यात आली. शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु अभ्यासक्रमाची घडण जिन्यासारखी असेल, म्हणजे मधल्या चार पायऱ्या चुकल्या की पाय खाली, तर प्रवेश मिळूनही मूल घसरणारच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली अशी कल्पना मांडली की, मूळ कल्पनांकडे शिक्षणाने पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडे अधिक खोल, वळत राहावे. आमच्या गृहिणी हेच करतात. एका दिवसात कोणी सर्व स्वयंपाक शिकत नाही. वाचन, लेखन, संख्या, मोजमाप यांचे लहान लहान पूर्ण घटक करावेत, ते वर्षातून दोनदा तरी फिरून यावेत, आणि कोणता घटक झाला याची नोंद मुलाबरोबर लोणीला, राहुरीला, कोपरगावला जावी. म्हणजे तेथील गुरुजी नेमक्या त्याच जागेपासून पुढे शिकवितील. वेळापत्रक हेही अभ्यासक्रमाचेच अंग आहे, एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ होईल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नव्हे. मुलाच्या परिसरातून शिकवू लागलात तर ऊसतोड्याचे मूल उसाचेच गणित करीत राहील, कोळ्याचे मूल रानातच राहील! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभा मानला. त्यामागे श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा उदात्त हेतू होता. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळी मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली, तेव्हा ती जातीच्या धंद्याला जखडणारी आहे म्हणून लोक खवळून उठले आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. हा धडा विसरून चालणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट असावे. परिसर हा उंबरठा आहे, कुंपण नव्हे. मोळ्यांची बेरीज करणाऱ्या मुलाने त्याच वर्षी ग्रहांची माळही पाहावी, चित्र काढावे, दूरच्या देशांच्या गोष्टी वाचाव्यात. अखेरचे टप्पे, म्हणजे पाचवीअखेर अस्खलित वाचन, स्वतःच्या शब्दांत लेखन, चार क्रिया, अपूर्णांक, नकाशा वाचता येणे, हे कोपीवरच्या आणि बंगल्यातल्या मुलास एकच असावेत. वाट निराळी असू शकते. मुक्काम कमी दर्जाचा असता कामा नये. जे मूल पाहू शकत नाही त्याने बोटांनी वाचावे, जे ऐकू शकत नाही त्याने खुणांच्या भाषेत शिकावे. पण शिकायचे तेच, आणि सर्वांबरोबर.

शेवटी शहरातल्या पालकांना दोन शब्द. हे सर्व गोरगरिबांच्या मुलांकरिता आहे, आमच्या मुलांचे काय, असे कोणाच्या मनात येईल. आम्हांस वाटते, अरुंद अभ्यासक्रमाचा तोटा सावेडीतल्या मुलासही तितकाच होतो. ज्याला चहातली साखर ठाऊक आहे, पण ती ज्या हातांनी तोडलेल्या उसाची झाली ते हात ठाऊक नाहीत, त्याचे शिक्षण टक्केवारीत पूर्ण असले तरी अपुरेच आहे. त्याच्या गणितातही उचल, वजन आणि कपात यांचे एखादे उदाहरण येऊ द्या.

आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर असतील, कोणी शिक्षक असतील, कोणी कारखान्याचे सभासद असतील. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या शाळेत जाऊन एवढेच विचारा: गेल्या दिवाळीनंतर किती मुले वर्गातून गेली, ती कोठे आहेत, आणि परत आल्यावर त्यांचा अभ्यास कोठून सुरू होणार? या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेपाशी तयार असेल, तिचा अभ्यासक्रम विस्तृत आहे असे आम्ही समजू.