विद्यापीठाची बाजू मांडताना
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. डॉक्टर झालेल्यांचं, शेती करणाऱ्यांचं, दुकान चालवणाऱ्यांचं सोपं आहे. माझं काम सांगायला गेलं की घोळ होतो. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी कॉलेजातून इंजिनिअर झाले, पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, हे सगळ्यांना कळतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेले आणि तिथल्या एका सरकारी विद्यापीठात लागले, इथपर्यंतही ठीक. पण माझ्या कार्यालयाचं काम म्हणजे विद्यापीठाच्या वतीने केंद्र सरकारशी बोलणं, असं म्हटलं की काल चहाच्या वेळी एकाने विचारलंच, "म्हणजे लॉबिंग? दलालीच ना गं?"

त्याला तिथे उत्तर दिलं नाही. आता देते.

आमचं विद्यापीठ मका-सोयाबीनच्या पट्ट्यातलं. 1862 साली अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्याने राज्यांना केंद्राची जमीन मिळाली आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. त्यांना लँड ग्रँट विद्यापीठं म्हणतात. आपल्याकडे 1960 साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ झालं, ते याच नमुन्यावर. म्हणजे मी जिथे नोकरी करते ते घर आपल्या वसमत रोडवरच्या विद्यापीठाचं, लांबचं का होईना, नातेवाईकच आहे.

या विद्यापीठांना संशोधनाचा मोठा पैसा वॉशिंग्टनहून येतो. तिथे राष्ट्राध्यक्षांचं बजेट हा नुसता प्रस्ताव असतो. खरा आकडा संसद ठरवते. म्हणून बरीच मोठी विद्यापीठं राजधानीत छोटं कार्यालय ठेवतात. आमच्याकडे त्यात पाच माणसं आहेत आणि माझं काम आकड्यांचं. अनुदानं एका सिस्टिममध्ये, पगार दुसऱ्यात, खरेदी तिसऱ्यात, विद्यार्थी चौथ्यात. ही टेबलं जोडायची आणि प्रत्येक मतदारसंघाचं एक पान काढायचं: तुमच्या भागातली इतकी मुलं आमच्याकडे शिकतात, इतक्या दुकानदारांकडून आम्ही माल घेतो, तुमच्या शेतकऱ्यांच्या अमुक रोगावर आमचा तमुक माणूस काम करतो. तिथल्या लोकसभेत, म्हणजे प्रतिनिधिगृहात, 435 जागा आहेत. खासदार क्वचित भेटतो. भेटतो त्याचा सहायक, बहुतेक पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, आणि तोही पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत टेबलावर राहतं ते हे पान.

आता दलालीचं. 1995 च्या कायद्याने अशा प्रत्येकाला नाव नोंदवावं लागतं, दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब कुणीही घरबसल्या वाचू शकतो. केंद्राच्या अनुदानाचा एक पैसाही या कामावर खर्चता येत नाही. म्हणून तिथे सगळं सोवळ्यात चालतं असं मात्र समजू नका. पैसेवाल्या कंपन्यांची माणसं त्याच दारात उभी असतात आणि त्यांची रांग जरा लवकर पुढे सरकते.

या कामाची गरज किती, हे 2025 साली दिसलं. फेब्रुवारीत तिथल्या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेने जाहीर केलं की अनुदानावर वीज, इमारत, हिशेबनीस यांसाठी मिळणारा जादा खर्च यापुढे सरसकट 15 टक्के. अनेक विद्यापीठांना तो 50 टक्क्यांच्या वर मिळत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे अडलं. पण त्या आठवड्यात ज्या विद्यापीठांकडे मतदारसंघाचं पान तयार होतं, त्यांचं म्हणणं दोन दिवसांत खासदारांच्या हातात होतं. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठातली सोयाबीनची एक नावाजलेली प्रयोगशाळा बंद करायची पाळी आली. आफ्रिकेतल्या देशांत सोयाबीन रुजवणं हे तिचं काम, आणि पैसा यूएसएडचा. काम उत्तम होतं. पण त्याचा फायदा ज्या शेतकऱ्याला होत होता त्याचं मत अमेरिकेत नव्हतं, आणि त्याच्यासाठी ओरडणारं घरात कुणी नव्हतं. ही बातमी वाचली तेव्हा मला परभणी आठवली.

सोयाबीन इथे बसलेल्या निम्म्या घरांत आहे. एमएयूएस 71, एमएयूएस 162, एमएयूएस 612 ही नावं शेती करणाऱ्यांना पाठ आहेत. एमएयूएस म्हणजे मराठवाडा ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी सोयाबीन. म्हणजे आपल्या विद्यापीठाचं नाव पिशवीवर रोज समोर असतं आणि आपण ते नंबर म्हणून वाचतो. पिवळ्या मोझॅकला दाद न देणारी परभणी क्रांती भेंडी तर पार उत्तरेत पोचली.

पण विद्यापीठात वाण तयार झाला म्हणजे काम संपत नाही. आधी राज्याची समिती, मग दिल्लीतली केंद्रीय उपसमिती, मग 1966 च्या बियाणे कायद्याच्या कलम 5 खाली राजपत्रात अधिसूचना. त्याशिवाय प्रमाणित बियाणं म्हणून ते विकता येत नाही. परभणी शक्ती ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी इक्रिसॅटबरोबर तयार होऊन 2018 मध्ये आली. तिच्यातलं लोह प्रयोगशाळेत मोजता येतं. पण ती अंगणवाडीच्या किंवा रेशनच्या ताटात जायची असेल तर तो निर्णय प्रयोगशाळेत होत नाही. कुणीतरी फाईल घेऊन योग्य खोलीत जावं लागतं.

आणि खोल्या दोन ठिकाणी आहेत. घटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती, शेतीशिक्षण आणि शेतीसंशोधन हे राज्याच्या यादीत, 14 व्या नोंदीत आहेत. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या यादीत, 66 व्या नोंदीत. त्यामुळे कृषी विद्यापीठाला आई मुंबईत आणि मावशी दिल्लीत. पगार मुंबईचा. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे 75 पैसे आणि राज्याचे 25. हे 25 वेळेवर आले नाहीत तर 75 चंही काम अडतं, आणि मावशी म्हणते, तुमच्या आईला विचारा.

नुसता पैसा मिळूनही भागत नाही. परभणीला जागतिक बँक आणि केंद्र सरकार यांच्या कृषी उच्चशिक्षण प्रकल्पातून रोबोट, ड्रोन आणि डिजिटल शेतीचं केंद्र मिळालं. माझ्यासारखीला याचं केवढं अप्रूप! पण ड्रोन उडवायचा तर नियम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा. 25 ऑगस्ट 2021 ला नवे ड्रोन नियम आले आणि 25 अर्जांचे 5 झाले. त्याच डिसेंबरात फवारणीची कार्यपद्धती आली. जानेवारी 2022 मध्ये कृषी विद्यापीठांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना ड्रोन खरेदीसाठी 10 लाखांपर्यंत शंभर टक्के अनुदान जाहीर झालं. तीन पावलं, दोन मंत्रालयं. विद्यापीठाला फक्त कृषी भवनाचा रस्ता माहीत असून चालत नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? नाही. कृषी विद्यापीठ राज्यात पहिलं झालं ते राहुरीला, 1968 साली. विदर्भ भांडला, 1969 मध्ये अकोल्याला झालं. मराठवाड्यातही आंदोलन झालं, आणि 18 मे 1972 ला परभणीचं विद्यापीठ स्थापन झालं. दापोलीचंही त्याच दिवशी. तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. 2013 पासून विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आंदोलन तर होतंच, पण हातात दाखवायलाही काही होतं: परभणीत 1956 पासून चालू असलेलं कृषी महाविद्यालय. मागणारा मोकळ्या हाताने गेला नव्हता. माझ्या कार्यालयात आम्ही जे पान छापतो, ते याहून वेगळं नसतं.

आता माझं थोडं बोचणारं मत. विद्यापीठ मिळवण्यासाठी आपण जेवढं बोललो, तेवढं मिळाल्यावर बोललो नाही. तिथले प्राध्यापक नोकरीत आहेत, त्यांनी खासदाराकडे जाऊन गाऱ्हाणं मांडणं अवघड असतं. कुलगुरूंची नेमणूक राज्यपाल करतात, त्यांनाही जपून बोलावं लागतं. मोकळेपणाने बोलू शकतात ते माजी विद्यार्थी, शेतकरी, बियाण्याचे दुकानदार. म्हणजे या सभागृहातली माणसं.

आणि वेळ पाहून बोलावं लागतं. केंद्राचं बजेट 1 फेब्रुवारीला मांडलं की आपण चर्चा करतो. तोपर्यंत आकडे ठरून गेलेले असतात. मंत्रालयांच्या अर्थखात्याशी बैठका साधारण ऑक्टोबरपासून चालू होतात, म्हणून पत्र सप्टेंबरात पोचायला हवं. नंतरची दुसरी संधी संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीची. बजेट अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत ती खात्याच्या मागण्या तपासते आणि तिचा अहवाल कुणालाही वाचता येतो. कायद्यांचं म्हणाल तर 2014 पासून केंद्राचं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. बियाण्याच्या कायद्याचा मसुदा येतो तेव्हा मोठ्या कंपन्या कलमवार लेखी सूचना पाठवतात. ज्या शेतकऱ्याचं बियाणं उगवलंच नाही, त्याच्याकडे पावती असते, पंचनामा असतो, पण त्याची सूचना नसते. कारण मसुदा आलाय हेच त्याला कळलेलं नसतं.

परवा इथल्या तिघांशी बोलले. एकाची बियाण्याची एजन्सी आहे, एक विद्यापीठातूनच पदवी घेऊन गंगाखेडकडे शेती करतो, एक वकील आहे. तिघांना मी एकच काम दिलंय. परभणी लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात: जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी, परतूर आणि घनसावंगी. या प्रत्येकातली पाच गावं घ्यायची आणि विद्यापीठाचा कोणता वाण किती एकरांवर आहे, कुणी बियाणं स्वतः राखलं, कुणाला मिळालं नाही, एवढंच लिहून काढायचं. टेबल मी करून देते. सध्या जिंतूर आणि पाथरीला माणूस नाही. शेवटच्या रांगेतून हात वर दिसतोय, तो जिंतूरचाच असावा.

जेवण झाल्यावर मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसणार आहे. लोकसभेच्या वेबसाइटवर आपल्या खासदारांनी आजवर शेतीबद्दल कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तरं मिळाली, ते कसं शोधायचं, हे दाखवते. मराठवाड्याचे बाकीचे खासदारही बघू. बाई, तुम्हीसुद्धा या. तुमच्या नातवाला घेऊन आलात तर माउस तोच चालवेल.