लाइट गेल्यावर काय: घरासाठी जनरेटर निवडताना

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, आकडे तेवढे नीट तपासून लिहिलेत.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, जनरेटर? हा काय पॉडकास्टचा विषय झाला? पण मागच्या भागानंतर तीन-चार जणांनी विचारलं की गावच्या घरी आई-बाबा एकटे असतात, पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाते, जनरेटर कोणता घेऊ? मी या बाबतीत एकदा चुकलोय, आणि चूक साधी नव्हती. म्हणून नुसतं मॉडेल सांगून मोकळं होण्यापेक्षा सगळं सांगतो.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात आहे. माड-पोफळीची छोटी वाडी, मागे विहीर. मी पुण्यात कोड लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. माड पडले, विजेचे खांब तर रांगेने आडवे झाले. आमच्याकडे लाइट यायला तीन आठवडे लागले. विहिरीत पाणी होतं पण पंप चालेना, म्हणून बाबा पुन्हा रहाटावर आले. मोबाईल चार्ज करायला एका मंडपवाल्याच्या जनरेटरपुढे रांग लागायची.

ते पाहून मी ठरवलं, आपल्याला जनरेटर हवाच. आणि इंजिनियर असूनही बाजारात जाऊन मी एकच प्रश्न विचारला, "स्वस्तात कोणता?" एक केव्हीएचा जुना पेट्रोल जनरेटर घेतला. पहिल्याच दिवशी बाबांनी त्यावर विहिरीचा पंप लावला. जनरेटर कण्हला, दिवे मंद झाले आणि बंद पडला.

का पडला? पंप १ हॉर्सपॉवरचा, म्हणजे ७४६ वॉट. पण ती झाली पंपाने बाहेर दिलेली ताकद. आत घेताना तो हजार-अकराशे वॉट घेतो. आणि सुरू होताना, पहिले एक-दोन सेकंद, त्याच्या तिप्पट किंवा जास्तही ओढतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर, मिक्सर, एसी, जिथे जिथे मोटर आहे तिथे हे आलंच. इन्व्हर्टर एसी थोडे सौम्य असतात, हळूहळू वेग घेतात. तर पहिला मुद्दा: नुसती चालू वॉटची बेरीज करू नका. सगळ्यात मोठ्या मोटरचा सुरू होतानाचा धक्का त्यात धरा.

दुसरं, केव्हीए आणि किलोवॉट एक नाहीत. डिझेल जनरेटरवर ५ केव्हीए लिहिलेलं असलं तर साधारण ४ किलोवॉट समजायचं. पेट्रोलच्या छोट्या मशीनवर दोन आकडे असतात, कमाल आणि रेटेड. खोक्यावर मोठ्या अक्षरात कमाल छापतात. तो काही मिनिटांपुरता. तासन् तास चालवायचं असेल तर रेटेड आकडा धरा.

आता माझी खरी चूक. मे २०२१, तौक्ते वादळ. ते किनाऱ्यापासून थोडं लांबून गुजरातकडे गेलं, पण आमच्याकडे वारा-पाऊस भरपूर झाला आणि लाइट गेली. मी पुण्यात. बाबांचा फोन आला, "जनरेटर भिजतोय रे, काय करू?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "मागच्या पडवीत घ्या ना, छप्पर आहे तिथे." एवढं बोलून फोन ठेवला.

तासाभराने सहज फोन केला. बाबा म्हणाले, आईचं डोकं भयंकर दुखतंय, मळमळतंय, पित्त झालं असेल, पडून आहे माजघरात. आणि फोनमध्ये मागून घरघर ऐकू येत होती, अगदी जवळून. पडवीला लागून स्वयंपाकघर, स्वयंपाकघराला लागून माजघर. पावसाची झड नको म्हणून बाहेरच्या खिडक्या बंद, पडवीचं दार मात्र वायर आत आणायला उघडं. माझ्या अंगावर काटा आला. ओरडलोच मी, "बाबा, आधी तो बंद करा आणि आईला पावसात असली तरी बाहेर अंगणात न्या!" आजीला शेजारच्या नानांनी उचलून बाहेर आणलं. मग तासाभरात आई सावरली. दवाखान्यात नेलं, थोडा वेळ ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाबांना म्हणाले, अजून एक झोप काढली असती तर उठल्या नसत्या.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतं. लक्षणं पित्तासारखी, तापासारखी वाटतात, आणि माणूस नेमकं तेच करतो जे करायला नको, आत जाऊन झोपतो. आमच्या घरातल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि पडवीचा सल्ला मीच दिला होता.

म्हणून आधी जागा ठरवा, मग मशीन. घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पडवी, जिना, गॅरेज, बाल्कनी चालत नाही, खिडकी उघडी ठेवली तरी नाही. पावसासाठी आम्ही आता वाडीच्या टोकाला चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड केलीय, खाली वीतभर उंच चौथरा. तिथून घरापर्यंत जाड केबल, आणि नीट अर्थिंग. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, बॅटरीवर चालतो.

२०२३ मध्ये गणितच बदललं. आजीला फुप्फुसाचा त्रास वाढला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला, मिनिटाला २ लिटर, रोज किमान १५ तास. आजी त्या मशीनला म्हणायची, "तुझ्या आजोबांच्या घोरण्यापेक्षा बरी ही घरघर." आता लाइट जाणं म्हणजे पंखा बंद होणं एवढंच राहिलं नाही. त्या वेळी मात्र मी वही घेऊन बसलो.

कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉट. घरी १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर होता. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, शिवाय इन्व्हर्टर थोडं खातो, म्हणून हाताशी दोन-तृतीयांश, म्हणजे १२००. त्यावर कॉन्सन्ट्रेटर साडेतीन तासही चालत नाही. बॅटऱ्या वाढवत गेलो तरी दोन-तीन दिवसांच्या अंधारात त्या भरणार कशावर? सोलरचा विचार केला, पण आमच्याकडे लाइट जाते ती जून-जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: छतावरची साधी ऑन-ग्रिड सोलर, जिला बॅटरी नसते, ती लाइट गेली की स्वतःच बंद होते. वर खांबावर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.

मग असं ठरलं. दोन बॅटऱ्या, म्हणजे वापरण्याजोगे २४०० वॉट-तास. कॉन्सन्ट्रेटर कायम इन्व्हर्टरवरच, म्हणजे लाइट गेल्याचं आजीला कळतही नाही. बॅटरीवर साधारण सात तास. उरलेले आठ तास जनरेटर चालेल, तो कॉन्सन्ट्रेटरही चालवेल आणि बॅटऱ्याही भरेल. त्या आठ तासांचा लोड: कॉन्सन्ट्रेटर ३५०, चार्जिंग ५००, फ्रिज १५०, पंखे-दिवे २००. झाले १२०० वॉट.

आणि पंप? पंपासाठी मोठा जनरेटर घ्यायचा मोह झाला होता. पण मग वर्षभर तो अर्ध्याहून कमी लोडवर पेट्रोल पीत बसणार. डिझेलमध्ये तर सतत तीस टक्क्यांखाली चालवलं की इंधन नीट जळत नाही, आत काजळी धरते. म्हणून जनरेटर मोठा घेण्याऐवजी पंप लहान केला. अर्धा हॉर्सपॉवरचा बसवला, टाकी भरायला वेळ लागतो, लागू दे. पंप लावताना फ्रिज आणि चार्जिंग बंद, असा नियम. त्यामुळे अडीच किलोवॉट रेटेडचा पेट्रोल जनरेटर पुरला.

डिझेल का नाही? तुमचा बंगला मोठा असेल, दोन-तीन एसी, लिफ्ट असेल, तर डिझेलच घ्या. लाइट जाताच आपोआप सुरू होणारं पॅनेल मिळतं, युनिटमागे इंधन कमी लागतं, आवाजालाही मर्यादा आहे, पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबल. आम्हाला वजन, जागा आणि वर्षातले मोजके दिवस बघता ते जास्त झालं असतं. पेट्रोल महाग पडतं हे मान्य. आमच्या मशीनला युनिटमागे ०.६ लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे साठ रुपयांच्या घरात. आठ तासांना सहा लिटर. तीन दिवसांचं १८ लिटर आम्ही पावसाळ्याआधी धातूच्या कॅनमध्ये भरून ठेवतो, घराबाहेरच्या खोपीत. परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, हे लक्षात असू द्या.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. जनरेटर घराला जोडायचा तो चेंजओव्हर स्विचमधूनच. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसणारे लोक मी पाहिलेत. तसं केलं की तुमची वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचे २३० व्होल्टचे उलट ११,००० व्होल्ट करतो. पावसात खांबावर चढलेला वायरमन समजतो लाइन मेलीय. तो आपल्याच गावातल्या कोणाचा तरी मुलगा असतो.

सगळं बसवल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी मी मेन स्विच पाडला आणि म्हटलं, आता मी नाहीच असं समजा. आईने दोरी ओढून पाहिली, जनरेटर हलला नाही. बाबांचा उजवा खांदा दुखरा, त्यांनाही जमेना. म्हणजे अडीच किलोवॉट बरोबर, पण सुरू करणार कोण हे मी धरलंच नव्हतं. दुकानदाराने फरकाचे पैसे घेऊन किल्लीने सुरू होणारं मॉडेल बदलून दिलं. दुसरं, इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेईना. छोट्या जनरेटरचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी थोडी हलते, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर होता. मागचं बटण दुसऱ्या मोडवर टाकलं आणि चार्जिंग सुरू झालं. हे दोन्ही वादळाच्या रात्री कळलं असतं तर?

म्हणूनच मशीन बंद पडलं तर काय, तेही ठेवलंय. १० लिटरचा बी-टाइप सिलिंडर, त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. आजीच्या खोलीतून देवाची समई मात्र बाहेर आली. आजीला ते आवडलं नाही, अजूनही टोमणे मारते.

पुढच्या पावसाळ्यात लाइनवर झाड पडलं. लाइट ३१ तास नव्हती. मी फोनवर होतो, पण विचारायचे तेवढे प्रश्न आईनेच आधी सांगितले: शेडमध्ये आहे, दार बंद आहे, अलार्म हिरवा आहे, तू काम कर तुझं.

पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनो, तुम्हाला बहुतेक जनरेटर नकोच. बाल्कनीत तर मुळीच नको. वायफाय, लॅपटॉप, दोन पंखे यांना इन्व्हर्टर पुरतो. पण गावी आई-बाबा असतील तर या आठवड्यात एवढं करा: फोनवर त्यांच्याकडून घरातल्या प्रत्येक मोटरचा आकडा लिहून घ्या, आणि जनरेटर आधीच असेल तर तो कुठे ठेवलाय त्याचा फोटो मागवा. फोटोत भिंत किंवा खिडकी जवळ दिसली, तर आजच हलवायला सांगा.

आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड लावून चालवा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल धरते, महिनोन् महिने टाकीत ठेवू नका, कार्ब्युरेटर चिकटतो. बाकी प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.